चित्र हरवले, आवाज उरला : ‘गोल्ड डिगर्स ऑफ ब्रॉडवे’चे प्रकरण

हा प्रकरण अभ्यास एका चित्रपटाचा आहे. वॉर्नर ब्रदर्सने 1929 साली ‘गोल्ड डिगर्स ऑफ ब्रॉडवे’ हा संगीतपट काढला. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत रंगीत होता, पूर्ण बोलका होता आणि एका गाजलेल्या नाटकावर बेतलेला होता. लोकांनी तो डोक्यावर घेतला. त्या वर्षी सर्वाधिक गल्ला जमवणाऱ्या चित्रपटांत त्याची गणना होते. आज तो पूर्ण स्वरूपात जगातल्या कुठल्याही संग्रहालयात नाही. शंभरेक मिनिटांच्या चित्रपटातली वीस मिनिटांच्या आतली दृश्ये उरली आहेत. आवाज मात्र सगळा आहे, पहिल्या सुरावटीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

ही विचित्र परिस्थिती आली कशी, कोणत्या वळणावर कोणी काय ठरवले आणि तिथे दुसरे काय करता आले असते, हे इथे मांडले आहे. चित्रपट, कंपन्या आणि कलाकार यांची नावे जगजाहीर आहेत, म्हणून ती दिली आहेत. ज्या खासगी माणसांच्या घरांतून रिळे आणि तबकड्या आल्या, त्यांची ओळख दिलेली नाही.

पार्श्वभूमी

एव्हरी हॉपवुडचे ‘द गोल्ड डिगर्स’ हे नाटक 30 सप्टेंबर 1919 रोजी न्यू यॉर्कच्या लायसियम थिएटरात लागले. निर्माता डेव्हिड बेलास्को, नायिका आयना क्लेअर. 720 प्रयोग झाले, म्हणजे त्या काळाच्या मानाने तुफानच. कथा साधी आणि गमतीची. एका श्रीमंत घरातल्या तरुणाला कोरसमध्ये नाचणाऱ्या मुलीशी लग्न करायचे असते. त्याच्या काकाला वाटते की या मुली पैशासाठी गळाला लावतात. काका लग्न मोडायला येतो आणि त्या मुलीच्या मैत्रिणीच्या जाळ्यात स्वतःच अडकतो. वॉर्नरने या नाटकावर 1923 मध्ये एक मूकपट काढला होता, त्यामुळे कथेचे हक्क घरातच होते.

1927 मध्ये बोलपटाची लाट आली. वॉर्नर तिच्यात सगळ्यात पुढे होते. मे 1929 मध्ये त्यांनी ‘ऑन विथ द शो!’ हा पहिला संपूर्ण रंगीत आणि संपूर्ण बोलका चित्रपट दाखवला. त्याला मिळालेला प्रतिसाद पाहून ‘गोल्ड डिगर्स’ला तोच थाट मिळाला. दिग्दर्शक रॉय डेल रूथ, पटकथा रॉबर्ट लॉर्डची, नृत्ये लॅरी सेबालोसची. गीते अल डुबिनची आणि चाली जो बर्कच्या. नायिका नॅन्सी वेलफर्ड, काकाच्या भूमिकेत कॉनवे टर्ल. पण लोक घरी गेले ते दोन नावे घेऊन. एक म्हणजे गिटार घेऊन मऊ आवाजात गाणारा निक लुकास आणि दुसरी धांगडधिंगा घालणारी विनी लाइटनर. लुकासचे ‘टिपटो थ्रू द ट्यूलिप्स’ घराघरांत पोचले. ते गाणे पुढे 1968 मध्ये टायनी टिमने पुन्हा गायले आणि आजच्या पिढीला बहुधा त्याच्याच आवाजात माहीत आहे. नाटककार हॉपवुड मात्र हा रंगीत अवतार पाहायला नव्हता. तो 1928 मध्येच वारला.

चित्रपट ऑगस्ट 1929 च्या अखेरीस न्यू यॉर्कच्या विंटर गार्डनमध्ये झळकला. दोन महिन्यांत वॉल स्ट्रीट कोसळली.

आता तंत्राकडे. पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे, म्हणून इथे थोडे थांबायला हवे.

रंग टेक्निकलरचे होते, पण ते पुढच्या काळातले तीन रंगांचे टेक्निकलर नव्हे. 1929 मध्ये त्यांची पद्धत दोनच रंगांची होती, तांबडा आणि हिरवा. कॅमेऱ्यात भिंगामागे एक प्रिझम असे. तो प्रकाश दुभंगून एकाच काळ्यापांढऱ्या निगेटिव्हवर एका वेळी दोन चौकटी टिपत असे, एक तांबड्या फिल्टरमधून आणि दुसरी हिरव्यातून. जोडीतली एक चौकट उलटी पडे. त्यामुळे फिल्म दुप्पट लागे आणि प्रकाश तर इतका लागे की सेटवर माणसे भाजून निघत. त्या निगेटिव्हवरून दोन साचे बनत. साचे रंगात बुडवून कोऱ्या फिल्मवर एकावर एक छापले जात, साधारण आपल्याकडची कॅलेंडरे छापतात तसे. त्वचेचा रंग सुरेख येई. केशरी, गुलाबी आणि शेवाळी छटा खुलत. खरा निळा आणि खरा पिवळा मात्र या पद्धतीत निघतच नसे.

आवाज फिल्मवर नव्हता. वॉर्नरची व्हायटाफोन पद्धत तबकडीची होती. प्रत्येक रिळाबरोबर सोळा इंची, मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी एक तबकडी येई. सुई कडेला न ठेवता आत, मधल्या भागाजवळ खुणेच्या बाणावर टेकवायची आणि तिने आतून बाहेर यायचे. फिल्मवर सुरुवातीची एक चौकट खूण करून दिलेली असे. ती बरोबर प्रोजेक्टरच्या खिडकीत धरायची आणि दोन्ही यंत्रे एकत्र सुरू करायची. लेबलवर छोटे चौकोन छापलेले असत. ऑपरेटरने प्रत्येक खेळाला एक खूण करायची आणि चौकोन भरले की तबकडी झिजली असे समजून नवी लावायची. फिल्म तुटली आणि चार चौकटी गेल्या, तर तिथे तितक्याच लांबीची काळी फिल्म जोडावी लागे. नाहीतर पुढे सगळ्यांचे ओठ एकीकडे आणि बोल दुसरीकडे.

म्हणजे एका चित्रपटाची दोन शरीरे होती. एक नायट्रेटच्या, म्हणजे त्या काळच्या सेल्युलॉइडच्या फिल्मचे, दुसरे लाखेच्या तबकड्यांचे. दोघांचे भवितव्य तिथेच वेगळे झाले.

पेच

पेच असा की रंग आणि आवाज या ज्या दोन बाबतींत हा चित्रपट नवा होता, त्या दोन्ही बाबतींत तो पाचएक वर्षांतच जुना ठरला.

नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही असते हे सर्वांना ठाऊक आहे. ती न पेटताही मरते, याकडे कमी लक्ष जाते. डब्यात बंद ठेवली की आधी आकसते, मग चिकट होते, तिला बुरशीसारखा फेस येतो आणि शेवटी तपकिरी भुकटी उरते. उष्ण आणि दमट जागी हे लवकर होते. पण नायट्रेटचा प्रश्न त्या काळातल्या सगळ्याच चित्रपटांना होता. त्यातले कितीतरी आज आपण पाहतो.

‘गोल्ड डिगर्स’ची खरी अडचण निगेटिव्हची होती. दर दुसरी चौकट वेगळ्या रंगाची आणि उलटी असलेली निगेटिव्ह साध्या प्रयोगशाळेत छापताच येत नाही. टेक्निकलरने 1932 मध्ये तीन रंगांची पद्धत आणली, 1935 मध्ये तीत पहिला पूर्ण लांबीचा कथापट आला आणि दोन रंगांची सामग्री मागे पडली. मूळ रंगात नवी प्रिंट काढायची वाटच बुजली. एक चौकट सोडून एक चौकट छापत काळीपांढरी प्रत काढता येत होती, पण त्यासाठी कोणीतरी मुद्दाम खर्च करायला हवा होता.

त्यात तबकडीचा तिढा. वॉर्नरने स्वतःच 1930-31 च्या सुमारास तबकड्या सोडून फिल्मवरच्या आवाजाची वाट धरली. थिएटरांतून तबकडीची यंत्रे निघाली. एखाद्या गावी चित्रपटाची चांगली प्रिंट शिल्लक असली, तरी ती वाजवायला काही उरले नाही. आवाजाशिवाय संगीतपट कोण पाहणार?

समोर असलेले पर्याय

या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते हे की कोणा एका बेजबाबदार माणसाने हा चित्रपट घालवला नाही. प्रत्येक वळणावर निर्णय घेणाऱ्याकडे त्याच्या दृष्टीने चोख कारण होते. म्हणून हे निर्णय एकेक करून पाहायला हवेत.

पहिले वळण प्रदर्शनाच्याच वर्षी आले. अमेरिकेत कॉपीराइटची नोंद लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे होते. 1912 ते 1942 या काळात लायब्ररी नोंदणीसाठी आलेल्या चित्रपटांची कागदपत्रे ठेवून घेई आणि फिल्म बहुधा परत करी. कारण उघड होते. पुस्तकांच्या इमारतीत शेकडो टन ज्वालाग्राही माल कोण ठेवील? पर्याय होता तो वेगळी, शहराबाहेरची थंड कोठारे बांधण्याचा. त्यासाठी चित्रपट ही जपण्याजोगी गोष्ट आहे असे सरकारला वाटायला हवे होते, आणि ते तेव्हा वाटत नव्हते. सरकारी कोठारात एक प्रिंट राहिली असती तर पुढचे बाकीचे सगळे अपघात पचले असते.

दुसरे वळण 1930-31 चे. दोन वर्षांत इतके संगीतपट निघाले की लोक विटले. आमच्या चित्रपटात गाणी नाहीत, अशी जाहिरात थिएटरवाले करू लागले. स्टुडिओंनी तयार चित्रपटांतली गाणी कापली आणि रंगीत चित्रपटांचे करार आवरते घेतले. मंदीही होतीच. अशा वेळी 1929 च्या रंगीत संगीतपटाच्या, हजारो खेळांनी ओरखडलेल्या प्रिंट वितरकाच्या गोदामात परत आल्या तर त्यांचे काय करायचे? त्या मोडीत काढायच्या, हा रिवाजच होता. पर्याय म्हणजे दोनचार चांगल्या प्रिंट बाजूला ठेवणे. तसे करायला धंद्याच्या हिशेबात काहीच कारण नव्हते.

तिसरे वळण 1933 चे. वॉर्नरने त्याच नाटकावरून पुन्हा चित्रपट काढला, ‘गोल्ड डिगर्स ऑफ 1933’. दिग्दर्शक मर्विन लरॉय, नृत्ये बझ्बी बर्कलीची, गीते पुन्हा डुबिनची, पण चाली आता हॅरी वॉरेनच्या. तो काळापांढरा होता आणि जबरदस्त चालला. आज कुठल्याही चित्रपटवेड्याला तोच आठवतो. नवे रूप आले की जुन्याला बाजारात जागा उरत नाही, उलट जुने कोणी दाखवले तर नव्याचा धंदा बिघडतो. 1951 मध्ये वॉर्नरने त्याच कथेचा आणखी एक रंगीत अवतार काढला आणि त्याला नाव दिले ‘पेंटिंग द क्लाउड्स विथ सनशाइन’. हे गाणे मुळात 1929 च्या चित्रपटातले. म्हणजे स्टुडिओला त्या चित्रपटाची कथा हवी होती, गाण्याचे नाव हवे होते. चित्रपट तेवढा नको होता.

चौथे वळण जुन्या साठ्याच्या आवराआवरीचे. टेक्निकलरकडे पडून असलेल्या दोनरंगी निगेटिव्हचा बराचसा साठा पुढे मोडीत काढला गेला. ज्या यंत्रणेतून त्या छापता येत होत्या तीच उरली नव्हती. गोदामाचे भाडे, विमा आणि आगीची भीती मात्र रोजची होती. ज्यांनी त्या टाकून दिल्या, त्यांना त्या मृतच वाटत होत्या.

इथे एक छोटा पण निर्णायक फरक दिसतो. ‘ऑन विथ द शो!’ आज काळ्यापांढऱ्या रूपात का होईना, पूर्ण पाहता येतो, कारण रंगीत सामग्री जाण्याआधी त्याची काळीपांढरी प्रत निघाली होती. 1956 मध्ये वॉर्नरने आपला जुना साठा टीव्हीसाठी विकला. टीव्हीच्या भुकेमुळे असे कितीतरी चित्रपट 16 मिमीच्या प्रतींत टिकले. ‘गोल्ड डिगर्स’च्या वाट्याला ते आले नाही. हे दोन चित्रपट एकाच वर्षीचे, एकाच स्टुडिओचे आणि एकाच पद्धतीचे. एकाची प्रत निघाली, दुसऱ्याची निघाली नाही, आणि आज एक आहे, एक नाही.

प्रत्यक्षात काय घडले

चित्रपटाची निगेटिव्ह गेली, प्रिंट गेल्या. पण तबकड्या राहिल्या. त्यांना पेटण्याची भीती नव्हती. त्या दिसायला ग्रामोफोनच्या मोठ्या रेकॉर्डसारख्या होत्या आणि लोक रेकॉर्ड सहसा फेकत नाहीत. काही स्टुडिओच्या कपाटात राहिल्या, काही थिएटरांच्या प्रोजेक्शन रूममध्ये, काही ऑपरेटरांच्या घरी. व्हायटाफोनच्या तबकड्यांचा मोठा साठा पुढे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठीय संग्रहात पोचला. 1991 मध्ये अमेरिकेतल्या काही रेकॉर्डवेड्या मंडळींनी ‘व्हायटाफोन प्रोजेक्ट’ सुरू केले. काम सरळ होते. कोणत्या संग्रहालयात मुकी झालेली फिल्म पडली आहे आणि कोणाच्या घरी तिची तबकडी आहे, याच्या याद्या करायच्या आणि दोघांची गाठ घालून द्यायची. त्यांच्या खटपटीने अनेक लघुपटांना आवाज परत मिळाला. या माणसांपैकी बहुतेकांचा चित्रपट-व्यवसायाशी काही संबंध नव्हता. त्यांना जुने जॅझ ऐकायची आवड होती, इतकेच. त्यांच्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

दृश्यांचा शोध वेगळ्या दिशेने लागला. 1980 च्या दशकात चित्रपटाच्या शेवटाकडचा रंगीत भाग ब्रिटनमध्ये मिळाला. पुढे ऑस्ट्रेलियातूनही एक तुकडा आला. दूरच्या देशांत असे तुकडे सापडतात याला कारण आहे. प्रिंट एका शहरातून दुसऱ्या शहरात फिरत फिरत वितरणाच्या शेवटच्या टोकाला पोचायची. तिथून ती जहाजाने परत मागवण्याचा खर्च तिच्या किमतीपेक्षा जास्त. मग ती तिथेच नष्ट करा असा निरोप जाई, आणि कधीकधी कोणीतरी ती नष्ट न करता घरी नेई.

नेमका शेवटाकडचाच भाग का वाचला? माझा तर्क असा की त्यातच सगळ्यात जास्त रंग आहे. शेवटी सगळी गाणी एकामागोमाग येतात, रंगमंच माणसांनी भरून जातो, एकीकडे कसरती, एकीकडे टॅप नृत्य. पूर्ण चित्रपट ठेवायला जागा नसलेला माणूस एकच डबा ठेवणार असेल, तर तो हाच ठेवील.

हा भाग पाहताना एक गोष्ट मनात रुतते. विनी लाइटनरच्या पात्राला नाटकातल्या नाटकात एक भारदस्त वाक्य म्हणायचे असते आणि तिला ते काही केल्या पाठ होत नाही. हा विनोद चित्रपटभर चालतो. अखेरच्या भव्य दृश्यात ती थाटात पुढे येते, पहिली ओळ म्हणते आणि दुसरी विसरते. त्यावर चित्रपट संपतो. पण सापडलेले शेवटचे रीळही पूर्ण नाही, अगदी टोकाचा तुकडा तुटलेला आहे. ती ओळ विसरते हे आपण ऐकू शकतो, कारण तबकडी अखंड आहे.

जोडणीचे निर्णय

तुकडे हाती आल्यावर संग्रहालयांसमोर नवे प्रश्न उभे राहिले. ते लहान वाटतात, पण प्रत्येकात एक भूमिका घ्यावी लागते.

आवाज सलग आहे आणि चित्रात मधल्या चौकटी गळल्या आहेत. अशा वेळी आवाज कापून चित्राला जुळवायचा, की चित्रात रिकामी जागा सोडून आवाज अखंड ठेवायचा? पहिल्याने पाहणे सुखाचे होते, पण गाणे मोडते. दुसऱ्याने पडदा क्षणभर काळा होतो, पण काय हरवले आहे ते कळते. 1929 च्या ऑपरेटरनेही काळी फिल्मच जोडली असती. मला ती रीत प्रामाणिक वाटते.

रंगांचा प्रश्न याहून अवघड. आजच्या संगणकावर आकाश निळे करणे दोन मिनिटांचे काम आहे. पण या पद्धतीत निळा नव्हताच. वेशभूषाकारांनी आणि रंगभूषाकारांनी तांबड्याहिरव्याच्या मर्यादेत राहून कपडे आणि पडदे निवडले होते. निळा घालणे म्हणजे त्यांच्या कामावर बोळा फिरवणे. उरलेल्या प्रिंटमधले रंग साच्याने छापलेले असल्यामुळे फारसे उडत नाहीत. म्हणून मूळ छटा काय होती याचा पुरावा हातात असतो, आणि तो असताना अंदाज बांधायचे कारण नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा. चारपंचमांशाहून अधिक आवाज चित्राविना आहे, त्याचे काय करायचे? एक पर्याय म्हणजे स्थिरचित्रे लावून पूर्ण लांबीची पुनर्रचना करणे. 1983 मध्ये ‘अ स्टार इज बॉर्न’ (1954) या वॉर्नरच्याच चित्रपटातले कापलेले प्रसंग असेच परत बसवले गेले. आवाज मिळाला होता, चित्र नव्हते, तिथे प्रसिद्धीची छायाचित्रे घातली. ते काही मिनिटांपुरते होते म्हणून चालून गेले. सव्वा तासाहून जास्त वेळ स्थिरचित्रे दाखवली तर संवाद समजतात, विनोदही थोडाफार पोचतो, पण नृत्य? टॅपचा नुसता ठेका ऐकून पायांची चाल दिसत नाही. दुसरा पर्याय म्हणजे सापडले तेवढेच, जसे आहे तसे दाखवायचे. वॉर्नरने 2007 मध्ये ‘द जॅझ सिंगर’च्या विशेष डीव्हीडी संचात हे तुकडे दिले, तेव्हा हाच मार्ग धरला. तो योग्य होता असे मी म्हणेन. त्याबरोबर संपूर्ण ध्वनीही सहज मिळेल असा दिला गेला असता, तर अभ्यासकांची मोठी सोय झाली असती.

आपल्याला ही स्थिती अगदीच अनोळखी नाही. बालगंधर्वांचा रंगमंचावरचा ऐन उमेदीतला वावर आपण तबकड्यांवरूनच मनात उभा करतो. तीनसाडेतीन मिनिटांत बसवलेले पद ऐकायचे आणि प्रत्यक्ष प्रयोगात ते किती रंगले असेल, कितीदा वन्समोअर मिळाला असेल, हे जुन्या जाणत्यांच्या लिखाणातून भरून काढायचे. पण संगीत नाटकाचे पुस्तक असते आणि ते पुन्हा बसवता येते. हॉपवुडचे मूळ नाटकही आज कोणी ठरवले तर रंगमंचावर आणू शकेल. 1929 चा चित्रपट पुन्हा बसवता येत नाही. प्रयोग संपला की नाटक हवेत विरते आणि चित्रपट कायम राहतो, अशी आपली समजूत असते. इथे नेमके उलटे झाले आहे.

वेगळे काय करता आले असते

माझ्या मते तीन जागी हा चित्रपट वाचू शकला असता.

एक, 1935 नंतर. त्या वर्षी न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आणि लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने चित्रपटांचा संग्रह सुरू केला. प्रिंट तेव्हा सहा वर्षांच्या होत्या, नायट्रेटच्या हिशेबात तरुणच. पण सुरुवातीच्या संग्राहकांचा ओढा कलात्मक म्हणून गाजलेल्या मूकपटांकडे होता. गल्लाभरू संगीतपटाला जागा कमी होती. जो चित्रपट लाखो लोकांनी पाहिला तो कुठेतरी असणारच, असे सगळ्यांनी गृहीत धरले. संग्रह करणाऱ्या प्रत्येक संस्थेने हा सापळा ओळखून ठेवावा. लोकप्रिय वस्तू वापरून वापरून संपते.

दोन, निगेटिव्ह मोडीत काढताना. तेव्हा एक काळीपांढरी प्रत काढायचा खर्च वाचवला गेला. रंग गेले असते, पण नृत्य, अभिनय, सेट आणि सोबत तबकड्यांवरचा आवाज, असा जवळजवळ पूर्ण चित्रपट हाती राहिला असता. परिपूर्ण जपणूक जमत नसेल तेव्हा अर्धीमुर्धी तरी करून ठेवावी. ‘ऑन विथ द शो!’ हा त्याचा पुरावा आहे.

तीन, प्रिंट विखुरलेल्या ठिकाणी. तुकडे वाचवले ते ज्यांना नियमाने ते ठेवायचा अधिकार नव्हता अशांनी. कारवाईच्या भीतीने कितीतरी संग्राहकांनी आपल्याकडे काय आहे हे वर्षानुवर्षे सांगितले नसणार. स्टुडिओंनी वेळीच अभय देऊन ‘तुमच्याकडे काय आहे ते दाखवा, प्रत करू द्या, मूळ वस्तू तुमचीच’ असे म्हटले असते, तर डब्यातली रिळे भुकटी होण्याआधी उघडली गेली असती. मालकाने टाकून दिलेली वस्तू जो सांभाळतो त्याला चोर ठरवण्यात चित्रपटाचे हित नाही.

1929 चा हा चित्रपट 1 जानेवारी 2025 पासून अमेरिकेत कॉपीराइटमधून मुक्त झाला. आता कोणीही त्याची प्रत काढू शकतो. प्रत काढण्यासारखे वीस मिनिटांहून कमीच आहे.

आपल्याकडे लागू होणारे

प्रभातने 1933 मध्ये कोल्हापुरात व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘सैरंध्री’ काढला आणि रंगीत प्रिंटसाठी तो जर्मनीला नेला. रंग मनासारखे उतरले नाहीत आणि प्रभातने तो नाद सोडला. कीचकवधाची ही कथा मराठी रंगभूमीवर आधीच पेटून गेलेली होती. खाडिलकरांच्या नाटकावर इंग्रज सरकारने बंदी घातली होती. नव्या तंत्राचा पहिला, अर्धवट यशस्वी प्रयत्न सगळ्यात आधी अडगळीत जातो, कारण तो करणाऱ्यांनाच त्याची आठवण नको असते. असे प्रयत्नच आपण शोधून शोधून जपले पाहिजेत. जानेवारी 2003 मध्ये पुण्याला, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या नायट्रेटच्या कोठाराला आग लागली, तेव्हा काय काय गेले याची हळहळ अजून ओसरलेली नाही.

‘गोल्ड डिगर्स’चा शोध संपलेला नाही. 2018 मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातले काही हरवलेले रंगीत तुकडे सापडल्याचे जाहीर केले. त्यांतले काही दुसऱ्याच चित्रपटाच्या प्रिंटला मागेपुढे शेपूट म्हणून जोडलेले होते. ‘ऑन विथ द शो!’चा वीसेक सेकंदांचा मूळ रंगीत तुकडा 2005 मध्ये एका खेळण्यातल्या प्रोजेक्टरबरोबर मिळाला. जुन्या प्रिंट कापून मुलांच्या खेळण्यांबरोबर विकत, त्यातला तो. तेव्हा अशी वस्तू कुठल्याही माळ्यावर निघू शकते आणि ती ओळखण्यात एक हमखास चूक होते. तबकडीच्या चित्रपटांच्या फिल्मवर ध्वनिपट्टी नसते. चित्र छिद्रांच्या दोन्ही रांगांमधली सगळी जागा व्यापते. ध्वनिपट्टी दिसली नाही की माणूस म्हणतो, मूकपट आहे, आणि बोलपटांच्या यादीत शोधतच नाही. ध्वनिपट्टी नसलेली, केशरी-हिरवट झाक असलेली 35 मिमी फिल्म दिसली, तर ती उलगडू नये, उजेडात धरून ओढू नये, प्रोजेक्टरवर चढवण्याचा तर विचारही करू नये. डबा गार, हवेशीर जागी, विस्तवापासून दूर ठेवावा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवावे. तुकडा चार सेकंदांचा असला तरी चालेल. ओठ हलताना दिसत असतील, तर अखंड उरलेल्या आवाजाशी ताडून तो कुठला आहे हे शोधता येते.